यादीत नसलेला खोका

“आज दुपारी बारा वाजून एक मिनिटानं,” विनिपेगहून आलेला वकील मायरन पाव्ल्युक जेवणाच्या खोलीत उभा राहून म्हणाला, “होव्दे कंपनीच्या एकसष्ट वर्षांच्या इतिहासावर पडदा पडला आहे, आणि उत्तर अमेरिकेतल्या लाटलेल्या पोळीच्या नव्या युगाला प्रारंभ झाला आहे.”

नवं युग चार मिनिटांचं झालं असेल-नसेल, तोच कॉफीच्या मोठ्या भांड्यानं फ्यूज उडवला आणि खोलीत अंधार झाला.

कुणी काही बोललं नाही. टोर्विक गावात अंधार झाल्या झाल्या बोलणं म्हणजे जरा पुढेपुढे करणं समजतात. मायरन मात्र हातातली यादी घेऊन दाराशी, उजेडात गेला. विक्रीच्या करारासोबतची ती यादी होती. होव्दे कंपनीच्या एकूण चारशे बारा वस्तू तिच्यात होत्या: लेथ, साचे, नकाशे, कंपनीचं नाव, टेलिफोनचा नंबर, बंद पडलेलं घड्याळ. कॉफीचं भांडं तीनशे अकरावं होतं, म्हणजे पाच मिनिटांपूर्वी ते कॅनडाचं झालं होतं. फ्यूजची पेटी मात्र इमारतीची, आणि इमारत विकलेली नव्हती, ती जुन्या मालकाच्या बायकोच्या नावावर होती. तेव्हा कॅनडाच्या भांड्यानं अमेरिकेचा फ्यूज उडवला तर तो बदलायचा कुणी, असा प्रश्न मायरनला खरोखरच पडला. असे प्रश्न पडायचे म्हणून तर त्याला पगार होता.

तोवर आर्डिस ट्वेटन खुर्चीवर चढली होती. अडतीस वर्षं ती या कंपनीत सुट्या भागांच्या टेबलावर बसत होती. दिवे लागले तेव्हा ती खाली उतरून हात पुसत होती, आणि खजुराच्या वड्यांचा ट्रे मायरनपुढे सरकवत होती.

“घ्या ना. फारशा चांगल्या झालेल्या नाहीत.”

वड्या उत्तम होत्या. मायरननं पाच खाल्ल्या आणि उरलेलं भाषण बसून केलं. प्रेअरी हार्थ या विनिपेगच्या कंपनीनं होव्दे कंपनी घेतलेली नाही, असं त्यानं पुन्हापुन्हा समजावलं. होव्देच्या वस्तू घेतल्या आहेत. आजपासून जे यंत्र बनेल ते प्रेअरी हार्थचं. कालपर्यंत जी बनली आणि विकली गेली, त्यांचं बरंवाईट ज्याचं त्याच्यापाशी.

मागच्या बाजूला बसलेल्या ओर्लिन बाकेनं मान हलवली. कारखान्यातली लेथ तो चालवायचा. बोलायचा कमी, पण बोलला की ते पुढे आठवडाभर गावात चालायचं.

“म्हणजे गाय घेतली, गोठा घेतला, चारा घेतला,” ओर्लिन म्हणाला, “आणि गाईनं काल कुणाला लाथ मारली असेल, ती तेवढी घेतली नाही.”

“अगदी बरोबर,” मायरन म्हणाला. “हे एवढंच लिहिलं असतं तर कराराची बावीस पानं वाचली असती.”

निघताना आर्डिसनं उरलेल्या वड्या, ट्रेसकट, त्याच्या गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवल्या. चार तासांचा रस्ता, मधे सरहद्द, माणूस उपाशी राहायला नको. ट्रेच्या बुडाला पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर शाईनं ‘आ. ट्वेटन’ लिहिलेलं होतं. आमच्या भागात याचा अर्थ लहान मुलालाही कळतो: वड्या तुमच्या, ट्रे माझा. मायरनला कळला नाही. तो शहरात वाढला होता.

*

होव्दे कंपनी लेफ्सेची यंत्रं बनवायची. लेफ्से म्हणजे बटाट्याची पातळ पोळी. नोव्हेंबर लागला की मिनेसोटापासून डाकोटापर्यंत प्रत्येक चर्चच्या तळघरात बायका कमरेला एप्रन बांधून ती लाटायला बसतात, आणि नाताळापर्यंत उठत नाहीत. ज्या चर्चची ऐपत असे ते होव्देचं यंत्र घेई. दोन रोलर, त्यांच्यावर एक जाळी, जाळीला धरून ठेवणारी बोटभर पिन. पीठ एका बाजूनं सारायचं, पोळी दुसऱ्या बाजूनं घ्यायची. जाळी असते बोटं वाचवायला.

आर्डिसपाशी या प्रत्येक यंत्राचं कार्ड होतं. यंत्राचा नंबर, कुठल्या चर्चला किंवा बेकरीला गेलं, तिथं कोण सांभाळतं. आणि दर नाताळात ती प्रत्येक यंत्राला एक शुभेच्छापत्र पाठवायची. यंत्रालाच म्हणायचं, कारण सांभाळणारी बाई बदलली, वारली, तरी यंत्र तिथंच असे. तिकडून उत्तरं यायची. यंत्रांची कार्डं आणि ती उत्तरं, सगळी एका खोक्यात जमलेली होती. तिच्या नवऱ्याच्या, नॉर्मच्या, बारा नंबरच्या बुटांचा तो खोका. नॉर्म जाऊन नऊ वर्षं झाली, बूट त्याच्याही आधी गेले, खोका राहिला. आर्डिस बुटकी होती, खुर्चीवर बसली की तिचे पाय जमिनीला टेकत नसत. म्हणून खोका टेबलाखाली, पायांखाली असायचा. यादी करायला आलेल्या माणसांनी टेबल मोजलं, खुर्ची मोजली, टेबलावरचं पेन्सिलीला टोक करायचं यंत्रसुद्धा मोजलं. पायाखालचा खोका कुणी मोजला नाही.

नवं युग सुरू होऊन पंधरा दिवस झाले, तेव्हा एल्म पॉईंटच्या चर्चमधल्या लव्हॉन स्कारचं कार्ड आलं. पुढच्या बाजूला भोपळे. आत लिहिलं होतं की पाऊस बरा झाला, बीट चांगलं आलं, यंदा लवकर सुरुवात केली म्हणून यंत्रही काढलं, यंत्र छानच चालतं. मग पाद्रीबाईंच्या नव्या बाळाबद्दल सहा ओळी. आणि अगदी खाली, सहीच्या वर, जिथं जागा उरली नव्हती म्हणून अक्षर बारीक झालं होतं तिथं: ‘जाळीची पिन तुटली आहे, तुमच्याकडे असली तर पाठवा, घाई नाही. माझी दोन बोटं जरा गेली. दोष कुणाचा नाही.’

आर्डिसनं ते कार्ड दोनदा वाचलं आणि फोन उचलला.

“लव्हॉन, अगं, बोटं जरा गेली म्हणजे काय?”

“अगं काही नाही. पहिल्या पेरापासून. डावा हात आहे.”

“दोन्ही?”

“दोन. पण तेवढंच. मला वाईट कशाचं वाटलं सांगू? कणिक सगळी टाकून द्यावी लागली. अठरा पौंड बटाटे उकडले होते, आर्डिस. बायका खूप कष्ट करतात गं. कुणी बोललं नाही मला, पण मला कळत होतं.”

“तू लगेच कळवायचं नाही का?”

“कळवलं की. कार्ड नाही मिळालं?”

आर्डिसनं फोन ठेवला. मग तिनं पायाखालचा खोका उचलून टेबलावर घेतला.

विक्रीच्या आधी, जूनमध्ये, विनिपेगहून एक प्रश्नावली आली होती. सदतिसावा प्रश्न: यंत्रांबद्दल आलेल्या तक्रारी, मागील दहा वर्षे. त्याच्यापुढे आर्डिसनं स्वतः टाइप केलं होतं: ‘नाहीत.’ खोटं लिहिलं नव्हतं. अडतीस वर्षांत एकाही माणसानं तक्रार केली नव्हती. आता ती एकेक कार्ड काढून तळापर्यंत वाचायला लागली. हवा, लग्नं, गुडघ्यांची ऑपरेशनं, सगळं ओलांडून शेवटच्या ओळीपर्यंत. ‘जाळी जरा लोंबते, आम्ही दोरीनं बांधली आहे, उत्तम चालते.’ ‘पिनेचं काय झालं कळत नाही, आमचंच काही चुकलं असेल.’ ‘जाळी काढून ठेवली आहे, तिच्याशिवाय साफ करायला सोपं जातं, आभार.’ नऊ वर्षांतली अकरा कार्डं. प्रत्येकाला तिनं त्या वेळी आभाराचं उत्तर पाठवलं होतं, आणि पिनही पाठवली होती. तसलीच, त्याच पेटीतली.

पाद्री बोलत असताना खोकला दाबून धरावा, तशी ती बसली होती. या गावात रडणं त्याहून जास्त होत नाही.

*

पिनांची पेटी ओर्लिनकडे होती. आर्डिसनं त्याच्यापुढे लेथवर अकरा कार्डं मांडली. ओर्लिननं ती वाचली नाहीत, नुसते नंबर बघितले.

“चारशेच्या पुढची आहेत सगळी,” तो म्हणाला.

“तुला माहीत होतं?”

“त्या वर्षी व्हर्जिलनं स्वस्त पोलाद घेतलं. मी पिनेच्या खांद्यापाशी, जिथं ती तुटते तिथं, गोलाई ठेवायचो, तीही नको म्हणाला, वेळ जातो. चारशेपासून सहाशे तेरापर्यंत, दोनशे चौदा यंत्रं. मग ते पोलादच मिळेनासं झालं, म्हणून पुन्हा जुनं आलं.”

“मग तू त्याला काही बोलला नाहीस?”

“बोललो की.”

“काय बोललास?”

ओर्लिननं खिडकीबाहेर पाहिलं. “म्हटलं, चालतीलही.”

आर्डिसनं डोळे मिटले. ओर्लिनच्या तोंडून ‘चालतीलही’ म्हणजे दुसऱ्या माणसानं अंगावरचा शर्ट फाडून ओरडण्यासारखं होतं. पण जुना मालक व्हर्जिल होव्दे तेव्हा नवी मोटरबोट घेत होता.

तो आता अॅरिझोनात असायचा. आर्डिसनं फोन लावला तेव्हा मागे गोल्फवाल्यांचं हसणं ऐकू येत होतं.

“आर्डिस, मी तर सगळं विकून टाकलं.”

“तुम्ही वस्तू विकल्या, व्हर्जिल. कंपनी नाही विकली.”

“कंपनी गेल्या मंगळवारी बंद केली. रीतसर. सरकारचा कागद आलाय.”

“मग त्या दोनशे चौदा पिना कुणाच्या?”



“कुणाच्याच नाहीत,” व्हर्जिल म्हणाला. “माझा वकील म्हणतो, त्यातलं सगळ्यात सुंदर तेच आहे.”

राहिला मायरन. तिनं विनिपेगला फोन लावला आणि हवेबद्दल एकही शब्द न बोलता सगळं सांगितलं. तिच्या आयुष्यातला हा पहिलाच असा फोन. मायरन लिहून घेत होता. शेवटी म्हणाला, “मिसेस ट्वेटन, प्रश्न सदतीसपुढे ‘नाहीत’ आहे.”

“ते मी लिहिलं. चुकलं माझं.”

“हं.” कागद उलटल्याचा आवाज. “बघा, आम्ही आज त्या दोनशे चौदा जणांना पत्र पाठवलं, तर कोर्टात म्हणतील, बघा, यांनी जुनी यंत्रं आपली मानली. आपली मानली की सगळंच आपलं.”

“आणि नाही पाठवलं तर?”

“तर ती कुणाचीच नाहीत. मी असं म्हणत नाही की ते बरं आहे. काही कोर्टं तर म्हणतात, ज्याला गिऱ्हाईकं माहीत आहेत आणि धोकाही माहीत आहे, त्यानं सांगायलाच हवं, मग मशीन कुणी का बनवलेलं असेना. पण ते मी ठरवू शकत नाही. संचालकांपुढे ठेवावं लागेल. बैठक जानेवारीत आहे.”

“जानेवारीत कुणी लेफ्से करत नाही, मिस्टर पाव्ल्युक.”

“कळतंय मला.”

“मशीनं पुढच्या आठवड्यापासून सुरू होतील. दोनशे चौदा तळघरं.”

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग वेगळ्याच आवाजात, जपून, म्हणाला, “पत्ते कुठे आहेत?”

“खोक्यात.”

“कुठल्या खोक्यात?”

“माझ्या पायाखालच्या.”

पुन्हा कागद. या वेळी बराच वेळ. चारशे बारा वस्तू तो वरपासून खालपर्यंत वाचत असणार.

“मिसेस ट्वेटन,” मायरन म्हणाला, “तुमच्या पायाखाली काय आहे ते मला माहीत नाही. यादीत असं काही नाही. आणि मी आता विचारलं, ते विचारलेलं नाही.”

“म्हणजे तो माझा?”

“असं मी म्हणालो नाही.”

“नाही म्हणालात,” आर्डिस म्हणाली, आणि त्याला वाटेत खायला द्यावं तशा आवाजात पुढे म्हणाली, “थंडी वाढलीय. मफलर घालत जा.”

त्या संध्याकाळी, साडेपाच वाजता, उजेडात, सगळ्यांच्या देखत ती खोका काखेत घेऊन घरी गेली. कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण टोर्विकमध्ये कुणी विचारतं होय?

*

रविवारी प्रार्थना उरकून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. कोरी कार्डं तिच्याजवळ नाताळसाठी घेतलेली होती, हिरव्या झाडांची. पहिलं कार्ड लिहिलं. हवेबद्दल चार ओळी, तब्येतीची चौकशी, यंदाच्या बटाट्यांबद्दल दोन शब्द, आणि मग खाली, सहीच्या वर, अक्षर आपोआप बारीक होत गेलं: ‘तुमच्या यंत्राच्या जाळीची पिन कदाचित…’

ती थांबली. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि लिहिलेलं परत वाचलं. मग ते कार्ड तिनं फाडलं.

दुसरं कार्ड घेतलं. अगदी वर, जिथं ‘प्रिय’ लिहितात तिथं, मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘मशीन बंद करा.’

लिहून झाल्यावर ती उठून खिडकीशी गेली. भर प्रार्थनेत बाकावर उभं राहून ओरडल्यासारखं वाटत होतं. शेजारचा आर्नी अंगणात पानं गोळा करत होता, त्यानं हात हलवला. त्याला काही कळलेलं दिसत नव्हतं. ती परत येऊन बसली.

‘मशीन बंद करा. जाळीची पिन तुटते. बोटं जातात. एका बाईची गेली. नवी पिन येईपर्यंत हातानं लाटा. तुमचं काही चुकलेलं नाही. आर्डिस ट्वेटन.’ खाली घरचा पत्ता. कंपनीचं नाव कुठंच नाही, ना मेलेलीचं, ना जिवंत असलेलीचं. हवेबद्दल एक अक्षर नाही.

दोनशे चौदा वेळा तिनं ते लिहिलं. अर्ध्यावर आल्यावर, ती सांगते, लाज वाटायची बंद झाली, आणि शेवटच्या वीसेक कार्डांना तर जरा मजाच आली. सतरा पत्ते जुने निघाले. त्या-त्या गावच्या पोस्टात फोन करून तिनं माणसं शोधली. एका यंत्राचं चर्चच बंद पडलं होतं आणि यंत्र एका कोंबड्या पाळणाऱ्याकडे गेलं होतं. तो त्यात काय लाटत होता ते तिनं विचारलं नाही, कार्ड मात्र पाठवलं.

पिना ओर्लिननं आपल्या गॅरेजमध्ये बनवल्या. स्वतःच्या पोलादाच्या, स्वतःच्या जुन्या लेथवर, खांद्यापाशी गोलाई ठेवून. आर्डिसनं त्याला मायरनकडून कळलेलं सगळं समजावलं होतं, की जो बनवतो त्याच्यावर येतं.

“म्हणजे या पिना माझ्या?” ओर्लिननं विचारलं.

“हो. उद्या काही झालं तर तुझ्यावर येणार.”

“बरं झालं,” ओर्लिन म्हणाला. “कुणाच्या तरी झाल्या.”

अशा रीतीनं दोन देश, दोन वकील आणि बावीस पानांचा करार यांना जे सापडलं नाही, ते ओर्लिन बाकेच्या गॅरेजमध्ये बर्फ काढायच्या फावड्याशेजारी तयार झालं: जबाबदारी घेणारा माणूस. पिना लहान पाकिटांत घालून तो रोज पोस्टाच्या पेटीत टाकून यायचा, आणि प्रत्येक पाकिटावर मागच्या बाजूला आपलं पूर्ण नाव लिहायचा, अक्षर सुवाच्य.

त्या हिवाळ्यात आमच्या भागात लेफ्से जाड झाले. हातानं लाटले होते. लोकांनी जाड लेफ्से खाल्ले आणि ते फार छान झाले आहेत, असं एकमेकांना सांगितलं.

*

गुपित फुटलं ते आभारांमुळे. सक्त पत्र आलं की आमच्याकडचा माणूस ते एकदा वाचून ठेवून देतो. पण कुणी आपली बोटं वाचवली, तर त्याला कार्ड पाठवल्याशिवाय राहवत नाही. आर्डिसच्या घरी कार्डं आलीच, पण जुन्या सवयीनं एकशे साठ कार्डं कारखान्याच्या पत्त्यावर आली. नव्या नियमाप्रमाणे कारखान्याचं सगळं टपाल न उघडता विनिपेगला जायचं. तेव्हा जानेवारीत संचालकांची बैठक भरली ती एकशे साठ आभारपत्रं आणि अकरा पाककृती समोर ठेवून. कशाबद्दल आभार, हे त्यांना आधी कळेना. कळलं तेव्हा एक जण म्हणे उठून बाहेर गेला.

आर्डिसला कुणी काही बोललं नाही. फक्त मार्चमध्ये पत्र आलं की सुट्या भागांचं टेबल मेअखेर विनिपेगला हलवण्यात येत आहे.

मेमध्ये जबानी झाली. लव्हॉननं कुणावर खटला भरला नव्हता, तिला तो असभ्यपणा वाटला असता. पण तिच्या दवाखान्याचा खर्च जिनं दिला त्या विमा कंपनीला असं काही वाटत नव्हतं, तिनं प्रेअरी हार्थवर दावा लावला. त्यांची वकील मिस केसलर मिनिआपोलिसहून आली. मायरनला सरहद्दीच्या अलीकडे वकिली करायची परवानगी नव्हती, म्हणून त्यानं फार्गोचा एक वकील सोबत आणला होता. कोर्टाच्या इमारतीतल्या लहान खोलीत सगळे बसले. टाइप करणारी बाई आर्डिसच्या चुलतबहिणीची सून होती, पण दोघींनी तसं दाखवलं नाही. आर्डिसनं चर्चला जायचा निळा कोट घातला होता. पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून तिनं येताना खोका आणला होता. तो तिनं खाली ठेवला आणि त्यावर पाय ठेवले.

“प्रश्न सदतीसपुढचं ‘नाहीत’ कुणी लिहिलं?” मिस केसलरनं विचारलं.

“मी.”

“ते खरं होतं?”

“मला तसं वाटत होतं. तक्रार कुणी केली नव्हती.”

“मग मिसेस स्कार यांचं हे कार्ड काय आहे? वाचाल?”

आर्डिसनं वाचलं. पाऊस, बीट, पाद्रीबाईंचं बाळ, सगळं. शेवटच्या दोन ओळींना तिचा आवाज बदलला नाही, फक्त जरा हळू झाला. टाइप करणाऱ्या बाईचे हात थांबले होते, ते पुन्हा चालू झाले.

“तुमच्या मते ही तक्रार आहे की नाही?”

“हरकत आहे,” फार्गोचा वकील म्हणाला.

“याच्याहून मोठी तक्रार आमच्याकडे होत नाही,” आर्डिस म्हणाली. मग कुणी विचारलं नसताना तिनं पायाखालचा खोका वर घेतला आणि त्यातून अकरा कार्डं काढून टेबलावर मांडली. “या तशाच आहेत. नऊ वर्षांतल्या. मी सगळ्या वाचल्या होत्या आणि एकही वाचली नव्हती. त्याचा दोष माझ्याकडे.”

मायरननं टेबलाकडे बघत कपाळ चोळलं. फार्गोच्या वकिलानं पेन खाली ठेवलं.

“नोव्हेंबरच्या आत तुम्ही दोनशे चौदा लोकांना कळवलंत,” मिस केसलर म्हणाली. “प्रेअरी हार्थची परवानगी घेतली होती?”

“नाही.”

“मागितली का नाही?”

“मागितली असती तर त्यांना नाही म्हणावं लागलं असतं,” आर्डिस म्हणाली. “मग त्यांना वाईट वाटलं असतं. चांगली माणसं आहेत.”

मिस केसलरनं वही चाळली. “ती मशीनं सुरू झाली असती, तर आणखी किती जणींचे हात…” एवढं म्हणून तिनं फार्गोच्या वकिलाकडे पाहिलं. पण त्यानं हरकत घेतली नाही.

“ते कसं सांगणार?” आर्डिस म्हणाली. “झालं नाही ना.”

*

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. मायरन तिच्यामागून जिना उतरून आला. त्याच्या हातात बॅग होती आणि चेहऱ्यावर पुन्हा भाषणाची कळा आली होती.

“मिसेस ट्वेटन, हे तुम्हाला सांगायला मी मुद्दाम थांबलोय. कंपनी तडजोड करणार आहे. मिसेस स्कारना स्वतंत्र भरपाई देणार, त्यांनी मागितली नाही तरी. आणि सगळ्या दोनशे चौदा पिना कंपनी आपल्या नावानं बदलून देणार. ओर्लिनच्या नमुन्याप्रमाणे. ओर्लिनच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.”

“त्याला जरा चुकल्यासारखं होईल,” आर्डिस म्हणाली.

“आमची प्रश्नावलीसुद्धा बदललीय. सदतिसाव्या प्रश्नाखाली नवी ओळ आहे: ‘नाताळची कार्डे सोबत जोडावीत.’ हे मी हसण्यासाठी सांगत नाही. पुढच्या वर्षी आम्ही नोव्हा स्कोशियात एक कारखाना घेतोय, तिथल्यांनी पेटारा भरून पाठवलीत.” त्यानं घसा साफ केला. “सतरा वर्षं मी कंपन्या विकत घेतोय. दोन देशांचे कायदे पाठ आहेत मला. कुठली जबाबदारी कुठे संपते, हे मी कागदावर रेघ मारून दाखवू शकतो. आणि तुम्ही बुटांचा एक खोका घेऊन त्या रेघेवर बसलात, आणि सगळी…” त्यानं खोक्याकडे बोट दाखवलं. “टेबल तुमचं शुक्रवारी हलणार, याचं मला फार वाईट वाटतं. मी भांडलो होतो त्यासाठी. तुम्हाला कंपनीकडून काही हवं असेल, काहीही, तर आज सांगा. मी स्वतः बघीन.”

आर्डिसनं खोका एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. तो आता हलका लागत होता, ती अकरा कार्डं कोर्टात राहिली होती. ती रस्त्याकडे बघत होती, आणि बोलावं की नाही हे तिचं ठरत नसल्याचं मायरनला स्पष्ट दिसत होतं. चौसष्ट वर्षांत तिनं कुणाकडे काही मागितलेलं त्याच्या काय, गावातही कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मायरननं बॅग पायरीवर ठेवली आणि वाट पाहिली.

“एक तक्रार आहे,” आर्डिस म्हणाली.

“बोला.”

“ऑक्टोबरात वड्या दिल्या होत्या तुम्हाला. माझा ट्रे परत आला नाही. बुडाला नाव आहे.” तिचे कान लाल झाले होते, पण ती थांबली नाही. “शनिवारी चर्चमध्ये मयताचं जेवण आहे, आणि आठ महिने झाले, मी दुसऱ्यांच्या ट्रेमध्ये करतेय. शुक्रवारी टेबल न्यायला ट्रक येईल, त्याच्याबरोबर पाठवाल का?”